सासूबाईंची शुगर

लग्नाला चौथं वर्ष लागलं तेव्हा माझ्या पोटाची काळजी दिंद्रुडमधल्या निम्म्या बायकांनी आपल्या अंगावर घेतली होती. आमचं किराणा दुकान भर बाजारात आणि घर दुकानाच्या मागंच, त्यामुळे त्यांना त्यासाठी वेगळी चक्कर मारावी लागत नसे. शेंगदाणे तोलून होईपर्यंत विचारपूस उरकायची. नवरा समोर गल्ल्यावर बसलेला असे, पण प्रश्न पडद्याआड मलाच येई. त्याला कुणी कधी काही विचारलं नाही.

माझी पाळी कॉलेजात होते तेव्हापासून लहरी. कधीकधी दोन-दोन महिने पत्ता नसायचा. माहेरी आई म्हणायची, लग्न झालं की होईल सुरळीत. लग्न झालं, तर सासरी म्हणायला लागले, मूल झालं की होईल सुरळीत. मूल होत नव्हतं ते पाळी सुरळीत नव्हती म्हणून, आणि हा घोळ कुणाच्याच ध्यानात येत नव्हता. वजन वाढत होतं, हनुवटीवर चार केस उगवले होते. केसांसाठी शेजारणीनं हळद सांगितली आणि वजनाला ‘खात्यापित्या घरची लक्षणं’ म्हटलं.

सासूबाईंची बहीण पाटोद्याला दिलेली. तिच्याकडून कळलं की तिकडच्या एका खेड्यात एक वैद्य आहेत, नुसत्या नाडीवरून सांगतात. बीडला गाडी बदलून आम्ही दोघी गेलो. वैद्यांच्या ओसरीवर भिंतभर बाळांचे फोटो लावलेले होते. सासूबाईंनी ते एकेक करून, नवस बोलल्यासारखे, पाहून घेतले. वैद्यांनी माझी नाडी धरली, पण बोलले सगळं सासूबाईंशी. अंगात थंडी आहे, पिशवीला ओलावा नाही, असं त्यांचं निदान. उपाय म्हणून कागदात बांधलेल्या पुड्या, एक काढा, रोज सकाळी तुपातला डिंकाचा लाडू, आणि मुख्य म्हणजे विश्रांती. धावपळ करायची नाही, उन्हात हिंडायचं नाही.

असं पथ्य मिळालेली गावातली मी पहिलीच सून असेन. सासूबाईंनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला. मी लाडू खात होते, पडून होते आणि फुगत होते. पुढं पाळी लांबता लांबता बंदच झाली. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. सासूबाई रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी काही सांगायच्या आतच त्यांनी महादेवाला नारळ फोडला आणि बहिणीला फोन केला. बहिणीनं वैद्यांना कळवलं. आणखी एका फोटोसाठी त्यांनी भिंतीवर जागा केली असेल.

मला शंका होती, पण तीन वर्षांत पहिल्यांदा घरातली सगळी माणसं माझ्याशी हसून बोलत होती. ते मोडायला जीव होईना. शेवटी पक्कं करून यावं म्हणून सासूबाईच मला माजलगावला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना डॉक्टरीणबाईंना द्यायला त्यांनी पिशवीत पेढे घेतले होते.

सोनोग्राफी झाली. पोटात बाळ नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरंच काहीतरी पडद्यावर दाखवलं, मण्यांची माळ ठेवावी तसे काळे ठिपके. हिला पीसीओएस आहे, म्हणाल्या. सासूबाईंना ते ठिपके गाठी वाटल्या, गाठी म्हणजे कॅन्सर असं त्यांनी धरलं आणि तिथंच पदर डोळ्याला लावला. मूल नाही हे त्या क्षणी त्या विसरून गेल्या होत्या. ‘पोरगी वाचंल ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. माझ्या नवऱ्याशी दुसरी सोयरीक जुळवावी का, असं त्यांना दोन घरांनी सुचवून झालं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे तो प्रश्न माझ्या लक्षात राहिला.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. या गाठी नाहीत, अर्धवट वाढून जागेवरच थांबलेली अंडी आहेत. दर महिन्याला त्यातलं एक मोठं होऊन फुटायला हवं, ते होत नाही, म्हणून पाळी येत नाही आणि दिवसही राहत नाहीत.

सासूबाईंनी थोडा विचार केला. ‘म्हंजी शेंगा लागल्यात, पर दाना भरंना.’

‘अगदी तसंच,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी वैद्यांचं पथ्य एकेक करून उलटं केलं. तूप बंद, लाडू बंद, साखर बंद. वजन उतरवायचं, रोज भरभर चालायचं. पुड्या त्यांनी उघडून पाहिल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, यात काय आहे ते मला कळत नाही, ज्यानं दिलं त्यानंही लिहून दिलेलं नाही, तेव्हा माझ्या गोळ्यांबरोबर हे घेऊ नका. शेवटी नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असं सांगितलं. पेढे पिशवीतच परत आले. वाटेत जीपमध्ये सासूबाईंनी ते शेजारच्या बायकांना वाटून टाकले. कशाबद्दल, असं विचारल्यावर ‘असंच’ म्हणाल्या.

उरलेला काढा फेकायला त्या तयार नव्हत्या. औषध फेकलं तर देवाला आवडत नाही. मी नको म्हणत असताना त्यांनी तो स्वतःच पिऊन संपवला आणि गुडघे हलके झाले असं जाहीर केलं.

खरा प्रश्न चालण्याचा होता. शहरात चालणाऱ्या बाईला तब्येतीची काळजी आहे असं म्हणतात. आमच्याकडं हातात घागर, टोपलं किंवा लेकरू नसताना बाई रस्त्यानं भरभर निघाली, तर ती घरातून भांडून निघालेली असते. म्हणून आम्ही अगदी सकाळी, दुकान उघडायच्या आधी गावाबाहेरच्या रस्त्यानं जायचं ठरवलं. सासूबाई सोबतीला. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ग्रामपंचायतीचे एक सदस्य मोटारसायकलवरून आडवे आले. मोठ्या काळजीनं त्यांनी विचारलं, ‘काकू, तुमच्याकडं संडास बांधल्याला न्हाई का? आपण करू की मंजूर.’

मला हसावं की रडावं कळेना. सासूबाई मात्र डगमगल्या नाहीत. ‘संडास हाय. मला शुगर झालीया,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टरनं फिराय सांगितलंय. एकलीला भ्या वाटतंय म्हणून सुनंला संगट आणलंय.’

ते गेल्यावर मी विचारलं, ‘आत्याबाई, खोटं कावून बोललात?’

‘माज्या शुगरीला कोण हसनार हाय? म्हातारपनी व्हतीच. तुजं नाव घेतलं तर बारा गावं गाजंल.’

हे खोटं फारच सोयीचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला दिलेली गोळी शुगरवाल्यांनाही देतात. औषधाच्या दुकानदारानं ती ओळखली, ‘कुणाला हाय शुगर?’ विचारलं, आणि उत्तर तयार होतं. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला सासूबाईंची शुगर माहीत झाली.

त्याची किंमत त्यांना त्या दिवसापासूनच मोजावी लागली. सासूबाईंना चहा लागायचा तो पाकासारखा. आता ज्या घरी जातील तिथं त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा टाकत. लग्नात ताटावरची जिलेबी शेजारीण परस्पर उचलून घेई, ‘काकू, तुमाला चालत न्हाई.’ घरात साखरेच्या गोण्यांची थप्पी आणि घराची मालकीण चारचौघांत फिका चहा पीत बसलेली. घरी आल्यावर तरी चार चमचे टाकून घ्या, असं मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, आता जिभेला सवय झाली. ते खोटं होतं हे त्यांच्या तोंडावरूनच कळायचं.

नवऱ्याची तपासणी मात्र पुढं-पुढं जात होती. कधी दुकानात माणूस नसे, कधी मालाची गाडी यायची असे. एका सकाळी जेवताना तो म्हणाला, ‘मला काय झालंय तपासाय?’

सासूबाईंनी भाकरी परतता परतता विचारलं, ‘तिला तरी काय झालं व्हतं, तपासायच्या आदी?’

तो त्याच आठवड्यात जाऊन आला. शुक्राणूंची संख्या थोडी कमी निघाली. तंबाखू सोडा, म्हणून सांगितलं, औषध दिलं. त्यानं ती सोडली, हे त्याचं श्रेय. पण ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं तिघांत ठरलं. माझ्या अंड्यांची चर्चा पाटोद्यापर्यंत पोचली होती, त्याच्या रिपोर्टानं मात्र उंबरा ओलांडला नाही. घर किती गुप्तता पाळू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास चुलत जावेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरताना बायका एकेक करून पुढं जात होत्या. माझा नंबर आला तेव्हा ताट माझ्यासमोरून सरकलं. कुणी वाईट बोललं नाही. ‘तू बस, दमली असशील,’ एवढं मात्र एक आजी प्रेमानं म्हणाल्या. मी बसले. ताट सासूबाईंपर्यंत गेलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि उठल्याच नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘मला वाकाय येत न्हाई. माज्या वाटची ओटी माजी सून भरंल.’ वडीलधाऱ्या बाईची ओटी, तिला नाही कोण म्हणणार? मी उठले, खण-नारळ घातला, तांदूळ घातले. परत येऊन बसले तर सासूबाई सरळ समोर बघत होत्या, जणू काही झालंच नव्हतं.

वजन उतरलं तशी पाळी बरीचशी ताळ्यावर आली. मग डॉक्टरीणबाईंनी अंडं वाढवायच्या गोळ्या सुरू केल्या. ठरावीक दिवशी जाऊन सोनोग्राफी करायची आणि अंडं केवढं झालं ते बघायचं. आमच्या घरात पावसापाण्याची चौकशी व्हावी तशी अंड्याची व्हायची. ‘आज किती झालं?’ सासूबाई दारातच विचारायच्या. पहिल्या वेळी वाढलंच नाही. दुसऱ्या वेळी वाढलं, फुटलं आणि तरी पाळी आली. त्या दिवशी मी दिवसभर आत पडून राहिले. नवरा दुकान अर्धवट बंद करून आत आला, माझ्याजवळ नुसता बसून राहिला आणि गिऱ्हाईक ओरडल्यावर उठून गेला. पुढच्या खेपेलाही काही झालं नाही. त्यानंतरच्या वेळी दिवस राहिले.

पण खरी फजिती अजून पुढंच होती. सहाव्या महिन्यात तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. पीसीओएस असलेल्या बायकांना गरोदरपणात असं होऊ शकतं, डॉक्टरीणबाईंनी घाबरू नको म्हणून सांगितलं, पथ्य वाढवलं. ही बातमी मात्र लपली नाही. आणि गावानं तिचा अर्थ आपल्या परीनं लावला: सासूची शुगर सुनेला लागली. एकत्र राहतात, एका ताटात जेवतात, मग दुसरं काय होणार? एका बाईनं तर सासूबाईंना तोंडावर सुनावलं, ‘काकू, पोटुशी बाईपसून जरा लांब ऱ्हायचं व्हतं.’

सासूबाईंनी ऐकून घेतलं. खरं सांगावं तर दोन वर्षांचा फिका चहा वाया, न सांगावं तर हा आळ. घरी येऊन त्या माझ्यावरच चिडल्या, मग स्वतःवर, मग दोघी हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत हसलो, तर त्यांनीच मला दटावलं, इतकं हसू नये म्हणून.

मुलगी झाली. बारशाला श्रेय घ्यायला माणसं कमी पडली नाहीत. पाटोद्याच्या मावशींच्या मते पुड्यांचा गुण उशिरा आला होता. आईनं माहेरी सोमवार धरले होते. औषधाच्या दुकानदारानंही ‘गोळ्या आपल्याकडच्याच’ असं दोघा-तिघांना सांगितल्याचं कळलं. नवरा सगळ्यांना पान देत हिंडत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, तसंच श्रेयही दिलं नाही.

मुलगी चालायला लागली तेव्हा माझी पाळी पुन्हा लांबायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे राहणारच, मूल झालं म्हणून हा आजार जात नाही, सांभाळायचा असतो. घरी सांगितलं तर नवऱ्याला खरंच नवल वाटलं. ‘आता काय अडचण हाय? लेकरू झालं की.’ तो वाईट अर्थानं म्हणाला नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्यावर जे उपचार केले, ते माझ्या आजाराचे नव्हतेच. मूल नसणं हा त्यांच्या लेखी आजार होता आणि तो बरा झाला होता. गाव तर मला कधीच बरी धरून बसलं होतं.

सासूबाईंनी लेकीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, ‘तू जाऊन ये. मी बघते हिच्याकडं.’

जीपमध्ये शेजारी बसलेल्या गावातल्याच एका बाईनं विचारलं, कुठं निघालात. माजलगावला, दवाखान्यात, मी म्हणाले. लेकराला काय झालं, तिनं विचारलं. मी सांगितलं, लेकरू मजेत आहे, माझंच औषध आणायचं आहे. तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि सरकून मला खिडकीजवळ जागा दिली.