इटली समुद्रावर, मी पार्सिपनीत

ऑगस्टच्या मध्यावर अख्खा इटली दाराला कुलूप लावून समुद्रावर जातो. पंधरा ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो. सण तसा चर्चचा, पण खरा मान समुद्राला आणि गार कलिंगडाला. सुट्टी गुरुवारी आली तर शुक्रवारही घेतात. त्याला ते पूल बांधणं म्हणतात. मी अमेरिकेत पार्सिपनीला, आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा क्लायंट मिलानचा, त्यामुळे त्यांच्या सुट्ट्या मला आपल्या चतुर्थी-एकादशीपेक्षा जास्त पाठ.

म्हणून मी शहाणपणा केला. नागपूरला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. ती एकटी राहते. "तू असलीस तरच करीन," म्हणाली. क्लायंट बंद म्हणजे मी मोकळी, असा हिशोब करून मी तिला ऑगस्टचीच तारीख घ्यायला लावली. तिकीटही काढलं.

जुलैत मिलानचा मॅनेजर कॉलवर म्हणाला, "आम्ही सगळे समुद्रावर, सिस्टिम तुझ्या हवाली!" मी म्हटलं, मी लीव्ह टाकली आहे. त्यावर इथला माझा मॅनेजर म्हणाला, "ते नसतात म्हणूनच तर तू हवीस." घ्या! आणि थँक्सगिव्हिंगला इथे सगळे टर्की खात बसतात तेव्हा मिलान चालू, म्हणून तेव्हाही मीच. दोन देशांच्या सुट्ट्या, आणि माझ्या वाट्याला एकही नाही. लॅपटॉप खिडकीबाहेर भिरकावावा असा संताप आला. भिरकावला नाही. ही नोकरी गेली की व्हिसा गेला. मुकाट्याने लीव्ह कॅन्सल केली.

आईला फोन करून सांगितलं, येता येणार नाही.

"काहून गं? त्यांना सुट्टी आहे ना?"

"म्हणूनच, आई."

तिला काही ते पटलं नाही. "बरं, मी तारीख पुढे ढकलते. दुखतं, पण काढीन दिवस. त्यांची पुढची सुट्टी कधी?"

"एक नोव्हेंबरला. तेव्हा ते गावी जातात. आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला."

"आणि तू?"

"मी इथेच, लॅपटॉपवर."

आई म्हणाली, "त्यांना मेलेल्यांसाठी सुट्टी मिळते, अन् तुला जित्या आईसाठी मिळत नाही?"

मला रडू फुटलं. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन बाजूला धरला. मग म्हणाले, "आई, तारीख ऑगस्टचीच ठेव. माझ्याऐवजी शेजारच्या काकूंना दवाखान्यात बरोबर ने."