ह्यांच्या गळ्यातले बिल्ले

चार माजी सैनिक अन् त्यांच्या बायका एका हॉलमध्ये बसल्या की किस्से तुरीच्या शेंगांसारखे; एक सोलायला घ्यावी, चार हाताशी येतात. यंदा आमच्या सिडकोतल्या माजी सैनिक संघाच्या हॉलच्या भिंतीवर लढाईत असलेल्यांचे फोटो लागायचे होते. आमचे हे एकाहत्तरला एअर फोर्समध्ये होते. दोन वर्षांपूर्वी गेले. यादीत त्यांचं नाव नाही! मी त्यांचे बिल्ले अन् सर्व्हिसचे कागद पिशवीत घातले अन् थेट बैठकीला गेले. बिल्ले टेबलावर ठेवले, अन् सुरू झालं.

बिल्ले म्हणजे गळ्यातल्या दोन चकत्या. नाव, नंबर, धर्म, रक्तगट; माणूस गेला तर ओळख पटावी म्हणून. हे पहिल्या रजेवर सिल्लोडला आले, तेव्हा सासूबाईंनी दोरा ओढून विचारलं, "कोण्या पीराचा ताईत हाय रं?"

"पीराचा नाय आई, सरकारचा."

"मग काढून टाक. सरकारचा गुण येत नसतोय!"

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. इंग्रजी शिकले ती त्या चकतीवरून. ह्यांचा रक्तगट ओ. हे म्हणाले, "हे गोल अक्षर म्हणजे ओ."

मी म्हटलं, "ते येतंय मला. लग्न झाल्यापासून तुम्ही हाक मारताय अन् मी ओ देतेय!"

ह्यांच्याच युनिटमधले नाना. लढाईच्या धामधुमीत आंघोळीनंतर दोघांनी एकमेकांचे बिल्ले घातले, आठवडाभर पत्ताच नाही. नानांनी ते बैठकीत हसत सांगितलं अन् त्यांच्या शांताबाई माझ्याकडे बोट करून उसळल्या, "म्हणजे तुम्ही गेला असता तर रडली असती ही, अन् मी घरी तुमच्यासाठी पुरण शिजवत बसले असते!"

गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न, "कोणतं विमान चालवायचे?"

हे खरं सांगायचे, "चालवायचो नाही. चाकं अन् ब्रेक बघायचो."

शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "म्हणजे क्लीनर!"

हे दिवसभर हसले. मी त्या ट्रकवाल्याशी वर्षभर बोलले नाही.

बैठकीत सेक्रेटरींनी कागद चाळले. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. साहेब सरहद्दीजवळच्या विमानतळावर होते, मान्य. पण ड्युटी जमिनीवरची. भिंत लढणाऱ्यांची आहे."

"तिथं किती बॉम्ब पडले, नानांना विचारा."

"पडले असतील हो. पण साहेब वर गेलेच नाहीत ना!"

"अन् बॉम्ब कुठं पडतात? आभाळात?"

नाना खोकले. सेक्रेटरींनी कागद मिटले. "बरं, फोटो आणलाय का?"

"आणलाय," मी म्हटलं, "अन् खिळा पण!"