रिकाम्या जागांची माटोळी

विश्रांतीमावशीवर अन्याय झाला तो चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी सकाळी. डिचोलीकडच्या तिच्या गावामागच्या डोंगरावर ती लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी माटोळीचं सामान आणायला जायची. या वर्षी डोंगर कापायचं काम सुरू झालं होतं; तिथे पत्र्याचं कुंपण होतं, आणि फाटकाशी बेळगावकडचा एक तरुण पहारेकरी. कडेकडेने फिरून तिने जे काही गोळा केलं होतं, ते सगळं त्याने पिशवीतून जमिनीवर ओतायला लावलं. "आजी, आतलं काही बाहेर सोडायचं नाही, साहेबांची ऑर्डर आहे." साहेब कोण, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. मावशी रिकामी पिशवी घडी करून घरी आली. रागावली ती पहारेकऱ्यावर नव्हे. "त्याचो काय दोष? त्याच्या गावचो डोंगर आधीच गेलो आसतलो, म्हणून तर हंय इलो."

दिवाळीच्या आधी मावशी गेली. मी पेडण्याला डोंगरकापणीविरुद्धची पत्रकं छापून घेत होतो, तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. "आई गेली रे..." एवढंच बोलला. यंत्र चालूच होतं, कागद बाहेर पडत होते. डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं. पत्रकात मी 'बळी' हा शब्द फार सहज वापरतो. इथे वापरणार नाही. तिचं वय झालं होतं, दुखणं जुनं होतं. डोंगराने तिला मारलं असं मला सिद्ध करता येणार नाही, आणि तसं नव्हतंच असंही मला म्हणवत नाही. या दोन्हींच्या मधे मी गेले काही आठवडे नुसता बसून आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, शेंगा, फुलं, वेली बांधायच्या. बहुतेक घरांत हे पुरुषांचं काम. मावशीच्या घरात ते तिच्याकडे आलं, कारण काकांना स्टुलावर चढलं की घेरी यायची. लहानपणी चवथीला इब्रामपूरहून आम्ही तिच्याकडे जायचो आणि मी खाली उभा राहून तिला एकेक वस्तू द्यायचो. कांगलांचे पिवळे-तांबडे घोस, लालभडक कवंडळं, काटेरी फागलां, सुपारीचं शिपटं, म्हणजे अख्खा घड. शेजारच्या माटोळ्या डावी-उजवी सारखी मापून बांधलेल्या असत. मावशीला त्याचा तिटकारा. "दोनय बाजू सारख्यो केल्यो की बाजारातलां तोरण दिसता." तिची माटोळी मधल्या नारळापासून निघून वळत वळत कडेला जायची, देठावर पानं चढतात तशी, एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही अशी. पुढे कॉलेजात आम्हाला सूर्यफुलातली वळणं शिकवली, तेव्हा मी धावत जाऊन तिला सगळं समजावलं, फळ्यावर काढावं तसं अंगणात काढून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तां तुमचां शास्त्र. माका सांग, सोबता काय नाय?" शोभतं, म्हटलं. "मगे झालां तर. चल, पाव खा."

या चवथीला मावसभाऊ डिचोलीच्या बाजारातून सामान घेऊन आला. मावशीने पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "ह्यां कोणाच्या डोंगरावयलां? त्यांचो डोंगर उद्या जातलो, मगे ते खंय जातले?" प्लास्टिकच्या द्राक्षांचा घोस तर तिने नातवाच्या गळ्यात घातला. परसातलं जे होतं तेवढंच बांधलं, पण बांधलं ते दरवर्षीच्या जागी. कांगलांची जागा मोकळी, कवंडळांची मोकळी. खाली बसून वर पाहिलं की नारळाभोवती रिकाम्या जागा वळत वळत कडेपर्यंत गेलेल्या दिसत. इतकी स्पष्ट मला तिची नक्षी कधीच दिसली नव्हती. बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "गो विश्रांती, औंदा माटोळी अर्धीच?" मावशी हसली. "अर्धी खंयची? पुराय आसा. डोंगर जितको उरलो, तितकी."

पुढच्या रविवारी ग्रामसभा होती. मी त्या गावचा मतदार नाही, मला बोलायचा अधिकार नाही. मी दारात उभा होतो, हातात पत्रकं घेऊन. मावशी उठली आणि म्हणाली, "आमका न विचारता डोंगर कोणी दिलो?" समोरून सरपंचांचं उत्तर आलं, "मावशी, बसा. हा विषय आज नाही. आणखी कुणाला काही म्हणायचंय?" सभागृह भरलेलं होतं. चवथीला तिच्याकडे येऊन करंज्या खाऊन गेलेले लोक होते. कुणाच्या मुलाला त्या कामावर नोकरी, कुणाचा टेम्पो तिथे लागलेला. मला कळतं ते, आणि तरीही राग येतो. कुणी उठलं नाही. पुढचा विषय सुरू झाला, गटाराचा. मावशी तशीच उभी होती. गटाराचं बोलणं संपेपर्यंत उभी होती... मग बसली.

परतताना तिने माझ्या हातातल्या पत्रकांकडे पाहिलं. "काय रे पुढाऱ्या, आता आमचां लिवतलो? मी एकटी उठलंय म्हणून लिव नको हां. लोकांका लज वाटतली." त्यांच्यासोबतच तिला राहायचं होतं, म्हणून मी तेव्हा लिहिलं नाही. आता लिहितोय. लज वाटू दे.

डोंगर आता अर्धा उरलाय. आमची निवेदनं कुठल्या तरी टेबलावर आहेत, डोंगरावर यंत्रं रोज चालू आहेत. आज त्याबाबत माझ्या हातात काही नाही. तुमच्या आहे. तुमच्याही गावात ग्रामसभा भरते. तिथे एक दिवस कुणीतरी एकटी उठेल, आणि तिला बसायला सांगितलं जाईल. तुम्हाला कायदा माहीत नसला तरी चालेल, बोलता आलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त खुर्ची सोडा आणि तिच्या शेजारी उभे राहा.