शेणाची डबी

आई गेल्यावर वडिलांनी सांगलीजवळचा, कृष्णेकाठचा गोठा मोडला. सगळी जनावरं देऊन टाकली, एक कालवड तेवढी टेम्पोत घालून माझ्याकडं, माण तालुक्यात सासरी पाठवली. आईनं तिला स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलं होतं. वडील फोनवर म्हणाले, "नदीकाठच्या दलदलीत चरलीया. आधी शेण तपासून घे, मग जंताचं औषध पाज. आईची एवढीच राहिलीया, बाई."

सासर माझं मेंढरंवाल्यांचं. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, जनावरातलं कुणी शिकवलेलं खपत नाही. "शेण काय तपासायचं? मेंढरांचं औषध हाय की घरात," म्हणाले आणि लगेच पाजलंही. मी मात्र हट्टानं प्लास्टिकच्या डबीत ताजं शेण भरलं आणि जनावरांच्या दवाखान्यात जायला दहिवडीची एसटी धरली.

गाडीत ही गर्दी. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. "काय गं, कसला वास येतुया?" मी भाबडेपणानं खरं सांगितलं, तर ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बया! शेण घिऊन दवाखान्यात निघालीया! येताना कोंबडीचंबी तपासून आण!" मागची बाकं खो खो हसली. एरवी माझी जीभ काही कमी नाही. तुझ्या बापाचं काय जातंय, एवढं विचारायला हवं होतं. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. स्टँडवर उतरले आणि डबी कचऱ्यात टाकली. घरी येऊन सांगितलं, तपासलं, काही निघालं नाही. वडिलांनाही तेच सांगितलं.

पुढं कालवडीचं पोट सुटलं. शेजारणी म्हणाल्या, माणाचं पाणी मानवलं हिला. मग केस राठ झाले, पातळ हगायला लागली. जबड्याखाली सूज आली तेव्हा मी भीत भीत डॉक्टरांचं काढलं. मामंजी म्हणाले, "शेण तपासलंय, औषध पाजलंय. आता काय राह्यलं? काटा टोचला आसंल." तिथं तरी खरं बोलायचं! नाही बोलले. आठवडा तसाच गेला.

ती उठेना तेव्हा कुठं डॉक्टर आले. त्यांनी पापणी उलटून पाहिली, आतून पांढरीफटक. म्हणाले, "नदीकाठी चरलेल्या जनावराच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत बसतात. तुम्ही मेंढरांचं पाजलंत त्यानं ते मरत नाहीत, त्यांचं औषध वेगळं असतं. शेण तपासलं होतं ना?"

मामंजी म्हणाले, "व्हय, हिनंच न्हेलतं." मी मान डोलावली. लाज कशी वाटली नाही मला, कोण जाणे. औषध झालं, इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कालवड गेली.

कळल्यावर वडील पहिल्या गाडीनं आले. त्यांना गोठ्यामागं नेलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आण्णा, मारा मला. आईचं एवढंच होतं, आन् मी लोकांच्या हसण्याला भ्याले."

ते तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "तुज्या आईचं दुखणं बायकी. डॉक्टरला दाखवायला ती लाजायची. मलाबी कुणाला सांगायची लाज वाटली. तुमाला फोनवर सांगितलं, दाखवून आणलंय म्हणून. तवर न्हेलीच न्हवती, बाई. न्हेली तवा लय उशीर झालता."

माझं रडणं थांबलं. असा राग आला त्यांचा, की हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण डबी मीही फेकलीच होती. चहा ठेवते म्हणाले आणि घरात गेले.