धन्याचा हात

बांधकामावर काम करणाऱ्या माणसाच्या शर्टाचा खिसा संध्याकाळी रिकामा करून पाहा. दोन वाकडे खिळे, खडूचा तुकडा, सुतळी, कुणाची तरी अर्धी विडी. यातलं आपण मुद्दाम काहीच ठेवलेलं नसतं, तरी ते साठतं. किश्श्यांचंही तसंच आहे. भंडारदऱ्याजवळच्या अकोल्याला अण्णांच्या हाताखाली मी जेमतेम वर्षभर होतो, पण खिसा अजून जड आहे.

अण्णा म्हणजे आमचे कंत्राटदार. बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या, तेच ऑफिस. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तिथे रुजू झालो. खरं तर मला मोठमोठ्या कंपन्यांत जाता आलं असतं. पण मला गावातल्या घरांत उजेड आणि वारा आणायचा होता, आणि ईशान्य-आग्नेयेची भुतं बाहेर काढायची होती. शिवाय घरचंही एक काम होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, घर बांधायचं होतं. दाजी फौजेत, सरहद्दीवर. जाताना मला म्हणाले होते, "मी येईन तवा माझ्या घरात येईन. भाड्याच्या न्हाई." ते घर मी बांधणार होतो, माझ्या पद्धतीने.

आडवा आला तो सखाराम मिस्त्री.

*

पहिल्याच दिवशी मी नकाशा पसरला, टेप काढली. मिस्त्रीने नकाशाकडे पाहिलंही नाही. घरमालकाला म्हणाला, "बाही वर करा." त्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बाभळीची काठी धरली आणि तिथेच कोयत्याने तोडली. मग त्या काठीने जागा मोजू लागला. अकरा हात, सात हात.

मी म्हणालो, "मिस्त्री, हे फुटात मोजायचंय."

"फूट म्हंजी पाऊलच ना, सायेब? कुनाचं?"

मी म्हणालो, "असेल कुणातरी इंग्रज राजाचं."

"मंग त्यो राजा ऱ्हायला येनार हाय का हितं?"

अण्णा चहा पिता पिता हसले, ते ठसका लागेपर्यंत.

त्याची रीत अशी होती. घर धन्याच्याच हाताने मोजायचं. देव ईशान्येला, चूल आग्नेयेला, धान्याची कणगी नैर्ऋत्येला, मधली जागा मोकळी. वास्तुशांतीला ती काठी लाल दोऱ्याने बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवायची. धनी गेला की काठीही त्याच्याबरोबर सरणावर.

"आणि दुसऱ्याच्या हाताने मोजलं तर?"

"तर घर धन्याला आत घेत न्हाई. येतो, पन दारातनं माघारी जातो."

मी ते नोंदवहीत लिहून घेतलं. 'अंधश्रद्धा' असं शीर्षक देऊन.

*

पहिली चूल मी हट्टाने पश्चिमेला बसवली. खिडकी मोठी, उजेड भरपूर, नकाशा देखणा. आषाढात घरमालकीण ऑफिसात आली ती डोळे पुसतच. आम्हाला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं.

"भाकरी करत्ये म्या आनि खोकत्यात समदी," ती म्हणाली. "सासू तर म्हनती, जित्तेपनीच सरनावर घातलंय मला."

भंडारदऱ्याकडून येणारा वारा धूर उचलून चारही खोल्यांत फिरवत होता. चूल आग्नेयेला हलवली आणि धूर निमूट बाहेर गेला. मी मिस्त्रीला विजयी सुरात समजावलं, "बघा, यात देव-बीव काही नाही. वाऱ्याची दिशा आहे. हे विज्ञान."

"व्हय की," मिस्त्री म्हणाला. "मंग तुमी का न्हाई केलं?"

*

शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. माझी बाजू घेणारा गावातला एकटा माणूस. "सगळ्या दिशा प्रभूच्या," असं म्हणून त्यांनी नव्या घरात लोखंडी पलंग मुद्दाम उत्तरेला डोकं करून लावला.

आठवड्याने पडलेल्या चेहऱ्याने आले. शाळेतून घरी यावं तर पलंग फिरलेला. डोकं दक्षिणेला. रोज ते परत फिरवत, रोज तो पुन्हा फिरलेला असे. त्यांच्या पत्नी रूथबाई शपथेवर सांगत होत्या की आपण हात लावला नाही, आणि रूथबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मी आणि मिस्त्री बघायला गेलो. कोब्यावर पलंगाच्या पायांचे गोल ओरखडे होते, एकावर एक. मिस्त्री उकिडवा बसून बराच वेळ ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, ह्ये एका जागी थांबून थांबून वढल्यालं हाय. दम लागल्यागत."

मास्तरांनी रूथबाईंकडे पाहिलं. रूथबाई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाले, "दुपारच्या सुट्टीत मीच येऊन फिरवतो. उत्तरेकडे डोकं करून झोप लागत नाही हो. पण तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

बाहेर पडल्यावर मी मनसोक्त हसलो. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "मास्तर दुपारी फिरवत्यात. बरूबर. पर आज ऐतवार हाय, आनि पलंग आज बी फिरल्याला. दुपारी दोघं बी चर्चात हुते."

*

किसन शिंप्याच्या घराला रस्ता फक्त दक्षिणेला. दार दक्षिणेलाच करावं लागणार, आणि ही यमाची दिशा म्हणून घरात रडारड. शेवटी मिस्त्रीने तोड काढली. पूर्वेच्या भिंतीवर गेरूने एक दार रंगवलं. चौकट, कडी, उंबरठा, सगळं. किसनची बायको रोज सकाळी त्या रंगवलेल्या दारापुढे रांगोळी काढायची.

मला हसू आवरेना. मी त्या दाराला 'मंत्र्यांचं दार' नाव दिलं, कारण त्यातून काहीच बाहेर येत नाही.

दिवाळीच्या सुमारास किसनकडे पायजम्याचं माप द्यायला गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. किसनचं कुत्रं त्या रंगवलेल्या दारापुढे बसलं होतं, कान टवकारून, नजर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर.

"रोज बसतं ह्या टायमाला," किसन टेप गळ्यात घालत म्हणाला.

"भुंकत नाही?"

"न्हाई. शेपूट हलवतं. म्हंजी कुनीतरी वळखीचंच असनार." आणि त्याने माझ्या कमरेचं माप घेतलं.

*

नैर्ऋत्येचा कोपरा जड हवा, हे मिस्त्रीचं आणखी एक. एका घरात मी तिथे काही ठेवू दिलं नाही. हवा खेळती राहायला हवी. घरमालकीण म्हणू लागली, "सायेब, जे पडंल त्ये त्याच कोपऱ्यात जातंय." मी तिच्यासमोर उतार बघायची पाणसळ लावून दाखवली. जमिनीचा उतार उलट्या बाजूला, पूर्वेकडे, मोरीच्या दिशेला होता. आता खात्री पटावी म्हणून मी तिचं एक लिंबू जमिनीवर ठेवलं.

लिंबू क्षणभर थांबलं आणि नैर्ऋत्येला गेलं. चढावर.

मी अण्णांना बोलावलं. दुसरी पाणसळ आणली. दुसरं लिंबू घेतलं. मग तिसरं.

चौथ्याला बाईने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. लोनच्याची हाईत."

अण्णा जाताना एवढंच म्हणाले, "कोपऱ्यात कणगी ठेवून टाका, बाई. आणि तू हे ऑफिसात बोलू नकोस."

*

आता आक्काच्या घराचं.

दसऱ्यानंतर पाया खणायचा ठरला. मिस्त्री काठी घेऊन हजर. "दाजी न्हाईत, तर त्यांचा हात मागवा." म्हणजे कागदावर कोपर ठेवून, हाताची रेघ काढून पोस्टाने पाठवायची. मी चिडलो, पण आक्काने ऐकलं नाही. लगेच पत्र टाकलं. महिना गेला. उत्तर नाही. दाजींची पलटण हलली होती, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पेपरात लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. आक्का रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायची. मिस्त्री फावडं उचलायला तयार नव्हता.

मला हे सहन होईना. माणूस तिकडे सरहद्दीवर, आणि इकडे त्याचं घर एका रेघेसाठी अडलेलं. एके दुपारी अण्णा बाहेर गेल्यावर मी ऑफिसच्या टेबलावर खाकी कागद पसरला, बाही वर केली आणि स्वतःच्याच उजव्या हाताभोवती पेन्सिल फिरवली. कागदाची घडी घालून आक्काला दिली. म्हणालो, "अण्णांच्या पत्त्यावर आला."

तिने त्या रेघेवर आपला तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मिस्त्रीने कागद पाहिला, मग मला पाहिलं. "दाजींचा?"

"हो."

"बरं." आणि माझ्यासमोर रेघेवर काठी धरून तोडली. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी काठी माझ्या कोपराला लावली. बोटाच्या टोकाला टोक. तंतोतंत.

घर उभं राहू लागलं. नऊ हात, सात हात. देव ईशान्येला, चूल आग्नेयेला. मी कशालाही आडवा आलो नाही. लढाई पेटली आणि संपलीसुद्धा. गावातल्या दोन जवानांची पत्रं आली. दाजींचं नाही. वास्तुशांतीला आक्का एकटीच बसली, शेजारच्या पाटावर सुपारी ठेवून. काठी लाल दोऱ्याने कोनाड्यात गेली.

'घर धन्याला आत घेत न्हाई.' मी इंजिनिअर आहे. मी ते वाक्य स्वतः अंधश्रद्धा म्हणून लिहून घेतलेलं आहे. तरी त्या दिवसांत ते मला साइटवर, जेवताना, दाढी करताना ऐकू यायचं. तीनदा आक्काला खरं सांगायला गेलो. तीनदा तिने मला चहा दिला आणि विचारलं, "येतील ना रे?"

फाल्गुनात दाजी आले. इस्पितळातून. एस.टी.तून उतरले तेव्हा सदऱ्याची उजवी बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली होती. आक्का रडली नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकला. दाजी उंबरठ्यापाशी थांबले. आत बघत राहिले.  मग खाली वाकून, डाव्या हाताने चौकट चाचपत ते आत गेले आणि थेट खुंटीपाशी जाऊन टोपी अडकवली. खुंटी दाराच्या मागे होती, बाहेरून दिसणारी नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे चहाला बसलो होतो. दाजी, आक्का, मिस्त्री, मी. पोस्टमनने एक फाटकं पाकीट आणून दिलं, शिक्क्यांवर शिक्के पडलेलं. कुठेकुठे फिरून आलं होतं देव जाणे. दाजी अक्षर बघून हसले. "ह्यो आत्ता पोचला व्हय?"

आत खाकी कागद. त्यावर पेन्सिलीची रेघ. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक उजवा हात. खाली लिहिलेलं, 'हात पाठवतो आहे. घर नीट बांधा.'

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "मग आधी आला तो?"

मी सांगून टाकलं. सगळं.  मिस्त्री उठला, कोनाड्यातली काठी आणली, लाल दोरा न सोडता कागदावर ठेवली. कोपराला टोक, बोटाला टोक. केसाइतकाही फरक नाही.

"सायेब," तो म्हणाला, "तुमचा हात."

मी बाही वर करून कागदाशेजारी कोपर टेकवलं. मिस्त्रीने काठी माझ्या हातावर ठेवली. ती दोन बोटं अपुरी पडली. मी कोपर पुन्हा टेकवलं, सरळ करून. पुन्हा दोन बोटं.

आक्काने कागदाची घडी घातली, काठीला गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवून आली.

"इस्पितळात ह्यो हात लई ठनकायचा," दाजी चहाची बशी डाव्या हाताने उचलत म्हणाले, आणि रिकाम्या बाहीकडे हनुवटीने खूण केली. "नसल्याला हात, पर जीव जायचा. डाक्टर म्हनले, जलमभर ऱ्हानार. हितं आल्यापासनं न्हाई ठनकला. उंबऱ्याच्या आत न्हाई."

मिस्त्रीने आपला कप खाली ठेवला. "सायेब, तुमचं घर कवा बांधायचं?" त्याने विचारलं. "काठी तोडून ठिवतो."

मी बाही खाली ओढली आणि बटण लावलं.