काचेवरचा हात

सुरतेत आल्यावर पंधरा वर्षं मी लूम चालवले. पाळी सुरू होताना यंत्राला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही तिथली रीत. पुढे कामरेजजवळच्या एका छोट्या कारखान्यात लागलो. तिथे टेलिफोनच्या फायबरसाठी फिल्टर बनतात. काचेच्या गोल चकतीवर, हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये, शंभराहून जास्त पातळ थर चढवायचे. मग चकती कापून तिळाएवढे तुकडे करायचे. असा तुकडा प्रकाशाचा एकच रंग पुढे सोडतो आणि बाकीचे परत फिरवतो, म्हणून एका तारेतून अनेकांची बोलणी न मिसळता जातात.

एका सकाळी चेंबरमध्ये चकती बसवली आणि सवयीने उजव्या हाताचा मोजा काढला. मोजा घालून कोणी नमस्कार करतं का? चकतीभोवतीच्या कड्याला हात लावताना बोट घसरून काचेला लागलं. मी चेंबरचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी चकती बाहेर आली तेव्हा कडेचे थर, माझं बोट लागलं होतं तिथेच, पापुद्र्यासारखे सुटले होते. साहेब म्हणाले, धुण्यात कसर राहिली. काचा धुणारी बाई आमच्या खानदेशातलीच, कोसाडला राहणारी. "मी तीनदा धुतली, साहेब," एवढंच ती म्हणाली. तिला घरी बसवलं. मी तिथेच उभा होतो. मुलीची फी, खोलीचं भाडं, सगळं आठवलं, आणि गप्प राहिलो.

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो आणि मोजा काढल्याचं सांगितलं.

"ग्लव्ह निकाला? क्यों?"

"नमस्कार करने के लिए."

"मशीन को?" ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. त्यांनी फोन उचलला, त्या बाईला लावला आणि माझ्यासमोर तिची माफी मागितली. मग मला म्हणाले, "काका, नमस्कार दरवाज़े के बाहर से. और अगली बार उसी दिन बोलना."

ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. मी हात जोडले.

"भाऊ, तीन दिन मिठनी गुळणी धरीसन बठनात का?" ती म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या. मला हसता आलं नाही.

पुष्कळ दिवसांनी तिनेच सांगितलं. काम सुटल्याचं तिने घरी कळू दिलं नव्हतं. नवऱ्याचे लूम तेव्हा बंद होते. रोज ठरलेल्या वेळी डबा घेऊन ती निघायची आणि संध्याकाळपर्यंत पर्वत पाटिया भागात बहिणीकडे साड्यांना टिकल्या लावत बसायची. हे तिने साहेबांना कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही काचा पुसता पुसता, मान वर न करता.

"मी बोलायला आणखी एक दिवस लावला असता तर?" मी विचारलं.

"तर टिकल्याच लावल्या असत्या," ती म्हणाली, आणि धुतलेली चकती माझ्या हातात दिली.