चार गुडघे आणि चाकणची पूजा

दोन्ही गुडघे बदलून घेतल्यानंतरचा माझा पहिला प्रवास काळेवाडी ते चाकण. लोक काश्मीरला जातात. मी निघाले मुलाच्या, नीलेशच्या, नव्या वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा करायला. मांडी घालायची नाही, गुडघे टेकायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी मान डोलावली आणि पैठणी नेसले.

कारण विहीणबाई. शेड त्यांच्या जागेत, म्हणून पूजेला आपणच बसणार असे त्यांनी गावभर सांगितले होते. पण मुलगा माझा, तर पूजाही माझीच!

मोशीच्या पुढे गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. गुडघे आखडले, म्हणून उतरून काठी टेकत येरझाऱ्या घातल्या. कांद्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "आज्जी, चालतच जावा. आमच्या आधी पोचाल."

शेडमध्ये पोहोचले, तर विहीणबाई पाटावर मांडी ठोकून बसलेल्या. समोर पूजेचा चौरंग.

"तुमी खुर्चीवर बसा, ताई. तुमाला खाली बसाया जमायचं न्हाई."

मुलाच्या पहिल्या मशीनला मी पाहुणी! डोळ्यांत पाणीच आले.

फोर्कलिफ्ट (माल उचलणारी गाडी) चालवणारा लातूरकडचा होता. "मावशी, तुम्ही कशाला खाली बसायलाव? पूजाच वर आणतो की!" त्याने चौरंग पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी फळीवर) ठेवला, आणि सुपारीचा गणपती नारळासकट माझ्या कमरेपर्यंत आला. गुरुजींनी मंत्र न थांबवता मान वर केली.

विहीणबाई खालीच. उठायला गेल्या, पण उठता येईना. पदर सावरून हसल्या, पुन्हा जोर लावला. मी वाकून कान पुढे केला.

"माजं बी गुडघं गेल्यात. कुणाला सांगू नगा."

"ह्यांना बी उचलू का?" फोर्कलिफ्टवाल्याने उत्साहाने विचारले.

"नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. नीलेशने त्यांना हात देऊन उठवले आणि पूजा आम्ही दोघींनी उभ्यानेच केली.

परतताना त्या माझ्याच गाडीत बसल्या, थेरगावच्या माझ्या डॉक्टरांना दाखवायला.

"लय दुखतंय का वो?"

घरात सगळ्यांना मी 'काही दुखत नाही' म्हणून सांगत आले होते. त्यांना मात्र खरे सांगितले. "सुरुवातीला रोज रडायचे. तुम्हाला रडू आले तर मला फोन करा."

"फोन कशाला? लेक तुमच्याच घरात हाय. आपरेशन झालं की तुमच्याकडंच ऱ्हायाला येती."

प्रवासात माणसे जवळ येतात हे ठीक, पण इतकी जवळ! नाशिक फाटा येईपर्यंत त्यांना कोणती खोली द्यायची हे मात्र ठरले होते. बाथरूमला लागून असलेली, म्हणजे माझीच. रात्री उठायला सोपी पडते.